शिडीचा महिना

भाच्याचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. मामांच्या कुस्ती कंपनीत भांडणं लिहायचं काम त्याचं. कोण कोणाचा काटा काढणार, कोण ऐनवेळी दगा देणार, हे तो ठरवायचा आणि पैलवान इमानेइतबारे एकमेकांना आपटायचे. पण मामांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं होतं. दर महिन्याला पैसे भरून घरबसल्या बघायचा थेट कार्यक्रम, आणि प्रत्येकाला एक विषय. या महिन्यात शिडी, पुढच्या महिन्यात पिंजरा.

"मामा, भांडण पिकलं की शिडी आणायची. तारीख आली म्हणून नाही. आजच्या जोडीचं, गेंडा आणि तुफान यांचं वाकडं तरी कुठंय? तुफान गेंड्याच्या पोरीला गणित शिकवतो!"

"लोकांना भांडण नसतं रे कळत, शिडी कळते. नुसतं नाव वाचून पैसे भरतात," मामा म्हणाले. "आज कार्यक्रम पडला तर विषय बंद, तू म्हणशील तसं. चालला, तर तू उद्यापासून तिकीट खिडकीवर."

झालं! आता भाच्याला कार्यक्रम पडायला हवा होता, आणि तसं वाटतं याची लाजही वाटत होती. पडद्यामागे त्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या.

नियम सोपा होता. छताला विजेतेपदाचा पट्टा टांगलेला, शिडी चढून जो काढेल तो विजेता. त्या पट्ट्यासाठी तीन वर्षं ताटकळलेल्या गेंड्याने आज जिंकायचं ठरलं होतं. त्याने तुफानला आपटलं, घडीची शिडी उघडली, टोकावर चढून हात वर केला. पट्टा दोन हात वरच राहिला.

"मामा, शिडी आखूड कशी?"

"रिंगखाली मावेना. पाय कापून घेतले."

"आणि पट्टा इतका वर?"

"चौकटीत नीट येईना," कॅमेरावाला म्हणाला. "सकाळी परांचीवर चढून वर घेतला. परांची गेली परत."

रिंगमध्ये गेंडा उतरला, तुफान चढला, तुफान उतरला, गेंडा चढला. मग तुफान गेंड्याला खांद्यावर घ्यायला वाकला. "अरे, तुझा गुडघा दुखतोय ना," गेंडा कळवळून म्हणाला आणि ते माईकमधून घरोघर ऐकू गेलं. प्रेक्षक हसून लोळायचे बाकी होते.

मामा डोकं धरून खुर्चीत बसले. लहानपणापासून सांभाळणारा मामा तो. भाच्याला ते बघवेना.

"शिडीच खांद्यावर घ्या!" तो पडद्याआडून ओरडला.

"घेतली," दोघे म्हणाले. "पण चढणार कोण?"

कंपनीत हलका माणूस एकच होता. भाचा शिडीला कवटाळत चढला, डोळे मिटून पट्टा ओढला आणि पट्ट्यासकट गेंड्याच्या अंगावर कोसळला. सगळं सभागृह उभं राहिलं. पंचाने नियमाला स्मरून भाच्याचाच हात वर केला.

"जोरदार चालला कार्यक्रम!" मामांनी मिठी मारली. "पुढच्या महिन्यात पिंजरा. तू विरुद्ध गेंडा!"

"मी तिकीट खिडकीवर बसतो ना, मामा."

"विजेता कुठे तिकिटं फाडतो का?"

"अहो, पण गेंड्याचं नि माझं काही वाकडं नाही हो!"

गेंडा मागेच उभा होता. त्याची नजर पट्ट्यावरून हलत नव्हती.

"आहे," तो म्हणाला.