कुणाच्या देखरेखीखाली?

आमच्या कुमुदताई बाजारात गेल्या की आधी भाव विचारत नाहीत. दादरच्या मासळी बाजारात त्यांनी एका मावशींना विचारलं, "हे कापायला तुम्ही कुणाच्या देखरेखीखाली शिकलात?" मी मागे पिशवी धरून उभी होते. मावशींचा हात थांबला. त्यांनी ताईंना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "सासूच्या! आणि तिची देखरेख अजून संपली नाय, बघ!"

"उत्तम," ताई म्हणाल्या, आणि सांगितलेल्या भावात पापलेटं घेतली. घासाघीस नाही, काही नाही. माझा जीव तुटला.

नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी हेच विचारलं. तो म्हणाला, "मोबाईलवर बघून शिकलो." ताईंनी त्याला नळाला हात लावू दिला नाही. चहा दिला, जायचे पैसे दिले आणि दार लावून घेतलं. नळ तसाच ठिबकत राहिला आणि मी बादल्या बदलत राहिले.

मी ताईंकडे स्वयंपाकाला जाते. लालबागहून बसने दादरला उतरायचं, तिथून थोडं चालायचं. ताई कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. मी बरेच महिने ते माणसशास्त्र समजत होते. माणसं कशी वागतात त्याचं शास्त्र असेल, असं मला वाटायचं. खरा शब्द कळल्यावरही कामात मला फार फरक दिसला नाही. ताईंनी लग्न केलं नाही. घर मोठं, जुनं, उंच छताचं. त्यात त्या एकट्या.

पण एकट्या नुसतं म्हणायला. रोज दुपारी त्यांच्याकडे शिकणारी मुलंमुली यायची. दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. ताई बाहेर येऊन त्या ढिगाकडे एकदा बघायच्या आणि समाधानाने आत जायच्या. ही मुलं पुढे लोकांचं दुःख ऐकायचं काम करणार. काही जण करायलाही लागले होते. कुणाचं काय ऐकलं, आपण काय बोललो, कुठे चुकलो, ते ताईंपुढे येऊन सांगायचं. याला म्हणतात देखरेख.

मला ही देखरेख काही कळेना. आमच्याकडे देखरेख म्हणजे सासरे आजारी होते तेव्हा मी करायचे ती. वेळेवर गोळी, कुशीवर वळवणं, पाठ पुसणं. इथे तर सगळे धडधाकट, खुर्चीत बसून बिस्किटं खातायत.

दुसऱ्यांची नावं घ्यायची नाहीत, हा ताईंचा कडक नियम. म्हणून मुलं अक्षरं वापरायची. चहा घेऊन गेले की कानावर पडायचं, "क ला झोप लागत नाही. क ला वाटतं, नवरा आपल्याला विसरला." मला त्या क चं फार वाईट वाटायला लागलं. पोळ्या लाटताना क मनात यायची. एकदा न राहवून मी ताईंना विचारलं, "क ला आता झोप लागते का हो?"

ताईंचा घास हातातच राहिला. "वनिताबाई! तुम्ही ऐकलंत?"

मी घाबरून गेले. त्या दिवसापासून चहाचा ट्रे त्या स्वतः दारातून आत नेऊ लागल्या. पण आठवड्याने मी आमटी वाढत असताना त्या ताटाकडेच बघत हळूच म्हणाल्या, "लागते." एवढंच. मी ओळखलं.

स्वयंपाकाच्या बाबतीतही त्यांची हीच तऱ्हा. त्यांच्या घरचं वालाचं बिरडं मला येत नव्हतं. आम्ही मालवणकडचे, वाल सोलत बसायची आम्हाला सवय नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा त्यांनी घास घोळवला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "तात्पुरती मान्यता. सालं राहिली आहेत. पुढच्या वेळी पुन्हा तपासणी."

पुढच्या वेळी साल राहिलं नाही, तरी तात्पुरतीच. तेव्हा मी धीर करून म्हटलं, "कायमची कधी मिळणार?"

"कायमची कुणालाच नसते, वनिताबाई. मलासुद्धा नाही."

मग त्यांनी मला समितीचं समजावलं. मुलं लोकांचं ऐकतात. मुलांवर ताईंची देखरेख. ताई नीट शिकवतात का, हे बघायला शिकलेल्या लोकांची एक समिती. ती जागोजागी जाऊन बघते, प्रश्न विचारते, मान्यता देते नाहीतर थांबवते. ताई स्वतः खूप वर्षं त्या समितीत होत्या.

"आणि समिती नीट बघते का, ते कोण बघतं?" मी विचारलं.

"दुसरी समिती," ताई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

घरी जाऊन मी यांना सांगितलं. सासरे गिरणीत कामाला होते. आमचे हे म्हणाले, "मगे गिरणीसारख्याच झाला. बाबांच्या डोक्यार जॉबर, जॉबरच्या डोक्यार मास्तर, मास्तराच्या डोक्यार सायेब. कापड कोण इणी, ता इचारू नको."

मला तेवढं सोपं वाटलं नाही.

ताईंनी समितीत असताना एक नियम करून घेतला होता. तो त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. जो दुसऱ्याचं ऐकतो, त्याचंही कुणीतरी ऐकायला हवं. नाहीतर तो आपलंच दुःख समोरच्याच्या गळ्यात बांधतो. आणि हे शिकवणाऱ्यालाही लागू, केस पांढरे झाले तरी लागू. त्याचंही ऐकणारं माणूस हवं आणि त्या माणसाचं नाव समितीला सांगता यायला हवं.

ताईंचं असं माणूस म्हणजे माटुंग्याच्या विजयाताई. कॉलेजपासूनची मैत्रीण, समितीतही बरोबर. दर गुरुवारी ताई टॅक्सीने त्यांच्याकडे जायच्या. "माझा तास आहे," म्हणायच्या. जाताना माझ्याकडून मऊ भाताचा डबा न्यायच्या, वर साजूक तूप. मला वाटायचं, ताईंचे दात दुखत असतील, म्हणून तिथे जाऊन भात खातात. पण घरी तर कडक चकल्या कडाकडा फोडायच्या. मी विचारलं नाही. मला चटकन विचारायला जमत नाही.

मग एके दिवशी ताईंनी सांगितलं, "वनिताबाई, सोमवारी समिती येणार."

मी रविवारी येऊन सगळी भांडी चिंचेने घासली. डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. मिसळणाचा डबा पुसला. लग्नात नेसायची साडी नेसून आले. समिती आली आणि स्वयंपाकघराकडे फिरकलीसुद्धा नाही. दोन बायका आणि एक गृहस्थ. त्यातल्या धाकट्या शुभामॅडम याच खोलीत ताईंपुढे बसून शिकलेल्या. पूर्वी त्यांची चप्पल त्या ढिगात असायची. आता त्यांनी बूट अगदी कडेला, नीट जोडीने काढून ठेवले.

त्यांनी मुलांना प्रश्न विचारले, ताईंना विचारले. मी पोह्यांच्या बश्या घेऊन गेले तेव्हा शुभामॅडम खाली बघत म्हणाल्या, "ताई, एकच राहिलं. विचारायला लागतं म्हणून विचारते. सध्या तुम्ही कुणाच्या देखरेखीखाली आहात?"

ताईंनी दाराबाहेरच्या चपलांकडे बघितलं.

बाजारभर, घरभर, जिथेतिथे हा प्रश्न विचारणाऱ्या ताई, आणि त्यांना उत्तर येईना. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. मला ते सहन होईना. मला वाटलं, ताईंना सांगायला लाज वाटतेय. वय झालं, एकट्या राहतात, तर हे लोक विचारतायत की तुमच्याकडे बघायला कोण आहे.

चार लोकांत मी कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी कसं उघडलं, कुणास ठाऊक.

"माझ्या," मी म्हटलं. "माझ्या देखरेखीखाली आहेत. रक्तदाबाची गोळी मीच देते. मिठाचं मीच बघते."

आधी एक मुलगी फिस्सकन हसली, मग सगळेच हसले. गृहस्थांनी मला सौम्यपणे विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण किती?"

"चौथी," मी म्हटलं.

ताई मात्र हसल्या नव्हत्या. "त्यांचं उत्तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "प्रश्न वेगळा आहे." मग त्या शुभामॅडमकडे वळल्या. "मी विजयाचं नाव सांगणार होते. तुम्ही ते मान्यही केलं असतंत. पण विजया आता कुणाला ओळखत नाही. मलाही नाही. म्हणजे मी कुणाच्याच देखरेखीखाली नाही."

"ताई, आपण हे नंतर..."

"नंतर नाही. नियम माझाच आहे. माणूस मिळेपर्यंत माझं शिकवणं थांबवा."

शुभामॅडमचे डोळे भरले. पण त्यांनी थांबवलं.

जाताना पायऱ्यांवर त्या मला म्हणाल्या, "मी बसेन ताईंचं ऐकायला. आनंदाने. पण मी कसं म्हणू? त्यांनीच मला ऐकायला शिकवलं." मला एवढंच कळलं, की मी मदत करायला गेले आणि काहीतरी भलतंच झालं.

दुसऱ्या दिवसापासून मुलं यायची बंद झाली. दुपारी ताई दार उघडून बाहेर बघायच्या. तिथे माझी एकटीची चप्पल. त्या दार लावून घ्यायच्या. बिरडं केलं तर निकालही दिला नाही. नुसतं "छान" म्हणाल्या. मला भीतीच वाटली. नळासाठी दुसरा माणूस बोलावला, आणि तो कुणाच्या देखरेखीखाली शिकला, हे विचारलं नाही.

गुरुवारी म्हणाल्या, "वनिताबाई, आज माझ्याबरोबर चला. डबा तुम्हीच धरा."

माटुंग्याच्या त्या घरात खिडकीशी एक गोऱ्या, बारीक बाई बसल्या होत्या. केस छान विंचरलेले. सांभाळायला ठेवलेली बाई आम्हाला बघून आत गेली. ताईंनी खुर्ची ओढली, विजयाताईंच्या गळ्याला रुमाल बांधला आणि भात भरवायला लागल्या. भरवताना बोलत होत्या. समिती कशी आली, शुभाने काय विचारलं, मी काय बोलले, सगळं. मी दाराशी उभी राहून लाजेने लाल झाले.

विजयाताई मान हलवत ऐकत होत्या. मधेच अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "मग? तुला काय वाटलं?"

मी दचकले. यांना तर सगळं कळतंय!

ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तेवढंच राहिलंय तिला. पूर्वी दर वाक्यानंतर हेच विचारायची. आता भात मागायचा असला तरी हेच विचारते."

ताईंनी पुढचा घास दिला. विजयाताईंनी गिळला. "मग? तुला काय वाटलं?"

"लाज वाटली," ताई म्हणाल्या. "आता शुभापुढे बसावं लागेल. कालच्या मुलीपुढे."

"हं. मग? तुला काय वाटलं?"

ताईंनी वाटी खाली ठेवली. रुमालाने त्यांची हनुवटी पुसली.

"मला वाटलं," त्या म्हणाल्या, "आज तरी तू मला कुमुद म्हणशील."

विजयाताईंनी समजूतदारपणे मान हलवली. भिंतीकडे बघितलं, जिथे घड्याळ असावं असं त्यांना वाटत होतं. "बरं," त्या म्हणाल्या. "आपली वेळ झाली."

आणि ताई एखाद्या विद्यार्थिनीसारख्या मुकाट्याने उठल्या.

खाली टॅक्सीची वाट बघत आम्ही उभ्या होतो. रिकामा डबा माझ्या हातात होता. ताईंनी मोबाईल काढला, लांब धरला, नंबर लावला.

"शुभा? मी बोलतेय. माझ्यासाठी तास दे. हो, तुझ्याकडेच. वार कुठलाही चालेल." मग त्यांनी वर, त्या खिडकीकडे बघितलं. "गुरुवार सोडून. गुरुवारी मला तास असतो."