करकोचा उडेना

"या दलदलीत माझ्या परवानगीशिवाय बेडूकसुद्धा उडी मारणार नाही!" असं मिन्चोने छातीवर हात मारून बायकोला, गिनाला, सांगितलं, तेव्हाच देवाने कपाळाला हात लावला असणार.

पाणथळ जागा कशा सांभाळाव्यात, याचा सरकारी प्रशिक्षणवर्ग मिन्चो करत होता. म्हणजे पुन्हा करत होता. लेखी परीक्षेत तो दर खेपेला पास व्हायचा आणि प्रात्यक्षिकात आपटायचा. एकदा त्याने बांध घातला, तर पाणी दलदलीऐवजी सरपंचांच्या तळघरात साठलं. पुढच्या वेळी कुंपण घातलं, तर परीक्षकच आत अडकले!

ही शेवटची संधी होती. पास झाला तर डॅन्यूब नदीकाठच्या या गावातच, घरामागच्या दलदलीचा रखवालदार म्हणून पक्की नोकरी. नापास झाला तर जर्मनीला जाऊन मेव्हण्याच्या हाताखाली कोंबड्या सोलायच्या. मिन्चोचा दलदलीवर जीव होता आणि मेव्हण्यावर अजिबात नव्हता.

या वर्षीचं प्रात्यक्षिक सोपं होतं. दलदलीच्या मधोमध दुर्मीळ पांढरी घंटाफुलं उगवतात, त्यांच्यात कुणाचा पाय पडू द्यायचा नाही. तिथल्या खांबावरचं रिकामं घरटं करकोच्यांनी पुन्हा धरावं, यासाठीही काहीतरी करायचं. पहिल्या कामासाठी मिन्चोने गावभर सांगून ठेवलं, की दलदलीत विषारी साप निघालेत. दुसऱ्यासाठी वर्गात शिकवलेली युक्ती केली. एक लाकडी करकोचा बनवला, छान रंगवला आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी घरट्यात उभा केला. लाकडाचा पाहून खरा उतरतो म्हणे. गिनालासुद्धा सांगितलं नाही. गिनाला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं!

आता एक मार्चला सगळ्या गावाच्या मनगटावर लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा चढते. पहिला करकोचा दिसला की ती सोडून फुललेल्या झाडाला बांधायची. मात्र तो करकोचा उडताना दिसायला हवा. उभा दिसला तर वर्षभर पाय जड, अंगात आळस, घरात रखडलेली कामं! हे काय मिन्चोला ठाऊक नव्हतं? आईच्या दुधाबरोबर प्यायला होता! पण शिकलेल्या माणसाला पाठ्यपुस्तकातला करकोचा दिसतो, गावातला दिसत नाही.

त्यात यंदा करकोच्यांना उशीर झाला होता, अजून एकही आला नव्हता. दोरे मळून काळे पडले होते आणि मनगटं खाजत होती.

सकाळी परीक्षक डॉक्टर कालचेवाबाई आल्या. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. मिन्चो त्यांना बांधावरून फुलं दाखवत होता. "बघा बाई, एक पाऊल नाही!" बाईंनी मान डोलावली. मिन्चोला वाटलं, जिंकलो!

तेवढ्यात घराकडून गिनाची आरोळी आली. "करकोचाऽऽ! अगं बायांनो, करकोचा आला!"

पाठोपाठ दुसरी आरोळी आली. "अगं बाई! पण उभाच आहे की हा!"

मग काय विचारता! उभा करकोचा पाहून सारं वर्ष वाया घालवायला कोण तयार होईल? त्याला उडवणं भागच होतं! पातेली, झाकणं, पळ्या घेऊन अख्खं गाव बांधावर चढलं. सर्वांत पुढे गावातली सर्वांत म्हातारी त्साना आजी, हातात काठी.

"हुश्श! उड ना मेल्या! माझे गुडघे आधीच दुखतायत!"

"आजी, पुढे जाऊ नका! तो लाकडाचा आहे!" मिन्चो ओरडला.

"लाकडाचा? आणि तू काय मातीचा? जन्मभर करकोचे बघितलेत मी!"

"शपथेवर सांगतो! मीच बनवलाय!"

"गेल्या महिन्यात साप म्हणालास, एकही निघाला नाही. आज लाकूड म्हणतोस!" सरपंच पातेलं बडवत म्हणाले. "उद्या म्हणशील, ही नदी प्लॅस्टिकची आहे!"

"गिना, तू तरी आवर यांना!"

"मी आवरू?" गिना गरजली. "तू आधीच एवढा आळशी, त्यात हा उभा दिसला! सरक बाजूला!"

आणि गाव दलदलीत उतरलं! घंटाफुलं चपाचप चिखलात गेली. मिन्चो हात पसरून एकेकाला अडवत होता, पण एकाला धरलं की चार निसटायचे. लाकडी करकोचा मात्र ढिम्म. आपण त्याला इतका पक्का ठोकला, याचा मिन्चोला आयुष्यात पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

आणि तेवढ्यात नदीवरून खरा करकोचा आला!

तो घरट्यावर उतरायला आलाच होता. पण खाली पातेल्यांचा दणदणाट आणि घरट्यात आधीच ठाण मांडून बसलेला पाहुणा! त्याने एक घिरटी घातली आणि सरळ शेजारच्या गावाचा रस्ता धरला. मिन्चोच्या डोळ्यांत पाणी आलं. गावाच्याही आलं, पण आनंदाने. "उडताना दिसला! उडताना दिसला!" लगेच मार्तेनित्सा सुटल्या आणि लोक फुललेल्या झाडाकडे धावले. ते झाड अर्थातच उरल्यासुरल्या फुलांच्या पलीकडे होतं.

मिन्चो बांधावर मटकन बसला. कालचेवाबाई आकाशाकडे बघत होत्या. आणि चक्क हसत होत्या! त्यांनी बाही वर केली, मनगटावरचा दोरा सोडला आणि हळूच म्हणाल्या, "मिन्चो, तुमचे बूट चिखलाने माखलेलेच आहेत. माझी एवढी मार्तेनित्सा बांधून याल?"

मिन्चोच्या जिवात जीव आला. बाईसुद्धा माणूस आहेत तर! तो धावत गेला, सर्वांत उंच फांदीला दोरा बांधला आणि धापा टाकत परत आला.

बाईंचं हसू मावळलं होतं. त्या लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होत्या. "शेवटची फुलं... प्रशिक्षणार्थीने... स्वतः तुडवली."

"पण बाई, तुम्हीच सांगितलंत ना!"

"म्हणून तर लिहिताना वाईट वाटतंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खाली सही केली.

निकालाची कुणी वाटही बघितली नाही. जर्मनीचं तिकीट आलं. मिन्चो बॅग भरत होता. मधूनच खिडकीतून दलदलीकडे बघत होता आणि त्याला खरंच रडू येत होतं. गिना त्याच्या पायमोज्यांच्या घड्या घालत होती.

तेवढ्यात सरपंच आले, अगदी खुशीत!

"मिन्चो, बातमी ऐकलीस का? दलदलीच्या रखवालदाराची जागा ग्रामसभेने रद्द केली. तुझा करकोचा उभा असताना माणूस कशाला हवा? त्याच्यामुळे खरा करकोचा उडता दिसला, शकुनाचा आहे तो! कायम ठेवायचा ठराव झालाय, एकमताने!"

मिन्चोने हातातला पायमोजा बॅगेत कोंबला.

"आणि हो," दारातून मागे वळून सरपंच म्हणाले, "गाडी संध्याकाळची आहे ना? मग जाण्याआधी त्याला रंगाचा एक हात मारून जा. पक्क्या नोकरीतला माणूस जरा नीटनेटका दिसायला हवा!"