मधल्या सीटवरचे पंचूराव

पंचूराव गाडी बघायला गेले की ड्रायव्हरच्या सीटवर कधीच बसत नसत. मागचं दार उघडून आत शिरत, बरोब्बर मधोमध बसत आणि शोरूममधल्या दोन सेल्समनना आपल्या दोन्ही बाजूंना बसवत. "आतां बोला," म्हणत. त्या बिचाऱ्यांना वाटे, म्हातारबुवांना मायलेज हवंय. ते सुरू झाले की पंचूराव हात वर करत. "ते नक्को. तुम्ही एकमेकांशीं बोला. मी आवाज पाहतों."

आता ऑफिसच्या वेळात, टाय लावून, मधे एक अनोळखी म्हातारा बसवून दोन माणसांनी काय बोलावं? एकदा तर एकाने दुसऱ्याला, माझा डबा तूच खाल्लास ना, असं विचारलं आणि खरोखरीचं भांडण जुंपलं. पंचूराव डोळे मिटून ऐकत राहिले. ही गाडी त्यांना त्या दिवशी फार आवडली.

हे सगळं मी पुढच्या सीटवर बसून पाहत असे, कारण पंचूरावांना तिथवर नेणारा मीच. मी मूळचा साताऱ्याचा. बँकेने बदली करून तंजावुरात आणून टाकलं, इथल्याच सरोजाशी लग्न झालं आणि निवृत्त झाल्यावर परत जायला कुणी बोलावलं नाही. राजवाड्यामागे एक गल्ली आहे. तिच्या तोंडाशी, रस्त्यावर माझं घर. आत वळणापलीकडे पंचूरावांचं. नाव पंचापकेश राव, तिरुवैयारुच्या देवावरून ठेवलेलं. पापनाशमच्या तालुका कचेरीत हेडक्लार्क होते. मराठे इथे राज्य करायला आले तेव्हा त्यांचे पूर्वज आले. राज्य गेलं, हे राहिले. बायको वारली. घरात ते एकटे, आणि मी त्यांच्याशी मराठीत बोलणारा एकमेव शेजारी. हा मान मला फार महागात पडला.

दोन वर्षं त्यांचं एकच चाललं होतं. गाडी घ्यायची. डिझेलची, चारही चाकं ओढणारी दांडगी घ्यायची, की घरी वायर लावून चार्ज करायची, वर पेट्रोलवरही चालणारी, ती प्लग-इन हायब्रिड घ्यायची? डिझेलवाल्यांचं शोरूम बायपासवर, दुसरीसाठी तिरुचीला जावं लागे. दर शनिवारी दोहोंपैकी एकीकडे वरात निघे. माझी गाडी, माझं पेट्रोल, माझा शनिवार.

"राव," मी म्हणायचो, "इथे चढ म्हणजे एक रेल्वेचा उड्डाणपूल. त्याहून उंच जागा मोठ्या देवळाचं शिखर, आणि तिथे गाडी नेऊ देत नाहीत. चार चाकं ओढून करायचंय काय?"

"खरं आहे सार."

"मग दुसरी घ्या."

"घाई नक्को सार. गाडी आहे ही, इडली न्हवे. पीठ आंबलं म्हणून लगेच ओतायचं नाहीं."

हे इडलीचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आमच्या घरी इडली झाली तरी माझं डोकं उठायचं.

शनिवार एकवेळ परवडला, पण रविवार नको. रविवारी जेवणं झाली की दुपारी एकच्या ठोक्याला पंचूरावांच्या घरी व्हिडिओ कॉल असे. थोरला सेतू दुबईला, धाकटी जानकी हॉलंडला. सेतूकडे डिझेलची चार चाकांवर ओढणारी गाडी होती, म्हणून अप्पांनी तीच घ्यावी. जानकीकडे प्लग-इन हायब्रिड होती, म्हणून अप्पांनी ती घ्यावी. पंचूराव मोबाइल कॉफीच्या डवऱ्याला, म्हणजे पेल्याखालच्या वाटीला, टेकवून ठेवत, मांडीवर एक शंभर पानी वही उघडत आणि मला तज्ज्ञ म्हणून शेजारी बसवत. बँकेत मी वाहनकर्जं पाहत असे, एवढंच माझं ज्ञान.

सुरुवात इंग्रजीतून होई. हाय अप्पा, गोळ्या घेतल्या का, तिकडे ऊन फार आहे का. मिनिटभरात सगळं संपे आणि तिघेही गप्प. मग पंचूराव हळूच म्हणत, "काल डिझेलची पाहून आलों." की लागलीच दारूगोळा उडे, तोही मराठीत. सेतूची बायको पंजाबी, जानकीचा नवरा तिकडचा गोरा. बहीणभावांनी एकमेकांची अक्कल काढायची तर जोडीदाराला न कळणारी भाषा हवी, आणि ती दोघांकडे एकच होती.

"तुझी ती गाडी म्हणजे मिक्सी गे! अप्पांनीं वायर धरून बसायचं कां? करंट गेला तर?"

"करंट गेला तर पेट्रोल आहे त्यांत, मूढा! कितीदां सांगूं? आणि तुझा तो रणगाडा कशाला? अप्पा काय युद्धाला जातात कां? देवळाला जातात!"

"तुला लहानपणापासून काईं कळत नाहीं."

"तुला भोत कळतं! सायकल कालव्यांत कुणी घातली होती?"

तासभर हे. शेजारी पंचूराव वहीत भराभरा लिहीत असत. मला वाटे, मायलेज, सर्व्हिसिंग, बॅटरी असलं काही टिपत असतील. शेवटी दोघं दमत, "पुढच्या रविवारीं सांगतों तुला," असं एकमेकांना बजावत, आणि पंचूराव "शरि", म्हणजे ठीक, असं तमिळमधून म्हणत, "विचार करतों." त्यांच्या तोंडावर असं काही समाधान दिसे की माझ्या अंगाचा तिळपापड होई. एक माणूस दोन वर्षं एक निर्णय घेत नाही आणि वर खूश दिसतो, हे बँकेत जन्म काढलेल्या माणसाला सहन होत नाही.

मग आमचा फ्रिज बिघडला.

नवा फ्रिज घेऊन टेम्पो आला. ड्रायव्हरने पत्ता चुकवून तो सरळ गल्लीत घातला आणि वळणावर अडकून बसला. पुढे जाईना, मागे येईना. माणसं जमली. पंचूराव घरातून बाहेर आले, टेम्पोकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "येणार नाहीं. वळणावर भिंतीपासून भिंत साडेपांच फूट. मी मोजलंय."

"केव्हा मोजलंत?"

"भोत दिवस झाले सार. गाडीचं ठरवलं तेव्हांच."

ज्या दोन गाड्यांसाठी मी दोन वर्षं फरफटलो, त्या दोन्ही सहा फुटांहून रुंद. हे मला पाठ होतं. मीच ते पत्रकावरून त्यांना वाचून दाखवलं होतं. दुसरीकडे कुठे गाडी लावायची त्यांची सोय नव्हती. म्हणजे यातली एकही गाडी त्यांच्या दारी येऊ शकत नाही हे या गृहस्थांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! राग मुरवत ठेवला, आणि मुरलेला राग वाईट असतो.

पुढच्या रविवारी एक वाजता मी बोलावण्याची वाटही पाहिली नाही. जाऊन बसलो. सेतू आणि जानकी ऐन रंगात आले होते. मी डवऱ्याला टेकवलेला मोबाइल उचलून तोंडासमोर धरला.

"तुमच्या वडिलांच्या गल्लीची रुंदी साडेपाच फूट आहे," मी म्हणालो. "दोन्ही गाड्या सहाच्या वर आहेत. डिझेलही येत नाही आणि दुसरीही येत नाही. त्यांना हे माहीत आहे. आता पुरे करा!"

मग सेतू इंग्रजीत म्हणाला, "इज दॅट ट्रू, अप्पा?"

पंचूराव वहीकडे बघत होते. त्यांनी मान हलवली.

"देन जस्ट टेक अ कॅब, अप्पा," जानकी म्हणाली.

"येस. मेक्स सेन्स," सेतू म्हणाला.

दोन वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं. टेक केअर अप्पा, बाय अप्पा, आणि पडदा काळा झाला. एक वाजून नऊ मिनिटं झाली होती. मी स्वतःवर खूश होतो. पंचूरावांनी वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि मला म्हणाले, "कॉफी घेणार कां सार?" रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पंचूरावांनीच मुलांना निरोप पाठवला, की डिझेलच्या गाडीत नवा रंग आलाय. उत्तरादाखल दोघांकडून एकेक अंगठा आला. तो त्यांनी मला आणून दाखवला. "ह्याचा अर्थ काय सार? होय कां, पुरे?" मी म्हटलं, होय. मला खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे त्यांना ते लगेच कळलं असावं.

घरी आल्यावर सरोजाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तमिळमधून म्हणाली, "तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"काय?"

तिने जे सांगितलं ते गल्लीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. आई आजारी असताना कुणी यायला हवं होतं यावरून बहीणभावांचं बिनसलं होतं. तू जवळ होतास, तू का आला नाहीस. तू मुलगी, तू का नाही आलीस. दोघंही आली ती सगळं आटोपल्यावर. मग एकमेकांशी बोलणं बंद. बापाशी बोलणं महिन्यातून एकदा, तेही गोळ्यांपुरतं. एक दिवस पंचूरावांनी दोघांना वेगवेगळं कळवलं की मी गाडी घेतोय, कुठली घेऊ? त्यांना आपली पोरं ठाऊक होती. सायकलीपासून दोघं कधी एका गोष्टीवर एक झाली नव्हती.

मी कपाळावर हात मारून घेतला. मला स्वतःची लाज वाटली. पण खरं सांगतो, त्याहून जास्त त्या दोघांची चीड आली. गाडीवरून तासभर तोंड वाजवायला वेळ होता, आणि गाडी नाही म्हटल्यावर नऊ मिनिटं पुरली!

चौथ्या रविवारी दुपारी एकला आमच्या दारावर टकटक झाली. पंचूराव उभे होते. स्वच्छ शर्ट, काखेत वही, हातात दोन्ही गाड्यांची पत्रकं.

"सार, तुम्हाला वेळ आहे कां?"

व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर त्यांनी मला डाव्या टोकाला बसवलं. सरोजाला आतून बोलावलं आणि उजव्या टोकाला बसवलं. आणि स्वतः मधे बसले. मग वही उघडून माझ्यापुढे धरली.

आत मराठी होतं, पण तमिळ अक्षरांत. घरात तीनशे वर्षं मराठी बोलतात, तरी पंचूरावांना देवनागरी वाचता येत नाही. मी अडखळत पहिली ओळ लावली. ते मायलेज नव्हतं. एका बाजूला सेतू, एका बाजूला जानकी, आणि दोन वर्षांतलं प्रत्येक भांडण शब्दन् शब्द उतरवलेलं. मिक्सी होती, रणगाडा होता, कालव्यातली सायकल तर चार-पाच वेळा होती. गाडीची किंमतसुद्धा कुठे नव्हती.

"तुम्ही सेतू," पंचूराव मला म्हणाले. मग सरोजाकडे बोट केलं. "माम्मी जानकी. त्यांना तमिळ अक्षर लौकर वाचतां येतं."

"राव," मी म्हणालो, "मी त्या दोघांना फोन लावतो. चांगला खडसावतो."

"नक्को सार. बोला म्हणून सांगून बोलले तर इंग्लीशांत बोलतील. वाचा तुम्ही."

मी वाचू लागलो. तुझी ती गाडी म्हणजे मिक्सी गे. पंचूरावांनी हात वर केला. "असं नाहीं. सेतू ओरडतो. तुम्ही बँकेंत वाचल्यासारखं वाचतां." मी पुन्हा ओरडून वाचलं. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली. सरोजाने पदर खोचला आणि जिला मराठीतलं निम्मंच कळतं अशी माझी बायको एका दमात वाचत सुटली. करंट गेला तर पेट्रोल आहे त्यांत, मूढा! तिचे उच्चार सगळे चुकत होते. तिला मात्र ते एकदाही अडवत नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते.

पान संपलं. माझा घसा बसला होता.

"राव, आवाज येतोय ना नीट?"

"येतो सार," पंचूराव डोळे न उघडता म्हणाले. "पान उलटा. घाई नक्को."