खैरनारांचे दोन रंग

आमच्या ऑफिसातले खैरनार टोमॅटो पिकलाय की नाही हे दाबून बघतात. लाल आणि हिरवा त्यांना सारखेच दिसतात. आणि हाच माणूस आमच्या ॲपच्या बटणांचे रंग तपासतो!

स्वतः नाही, म्हणा. त्यांनी एक प्रोग्राम लिहिलाय. तो एकेक बटण दाबतो, रंगाचा आकडा वाचतो आणि ठरलेल्या आकड्याशी ताडून बघतो. "डोळ्यावर जाऊ नका सर, आकडा बघा," हे त्यांचं पालुपद. माझं नवं जाकीट मरून रंगाचं आहे म्हटलं, तर फोटो काढून, त्यातला आकडा वाचून म्हणाले, "तपकिरी." याच मुद्द्यावर घरीही वाजलं होतं, म्हणून गप्प बसलो.

दिंडोरीच्या द्राक्षबागांसाठीच्या ॲपमध्ये 'फवारणी थांबवा' हे बटण दाबल्यावर हळूहळू लाल होतं. यांचा प्रोग्राम घाई करायचा आणि टेस्ट नापास व्हायची. मी वैतागलो, "अहो, लाल आहे की!"

"होतंय. रंग चढतोय अजून. प्रोग्रामला जरा थांबायला शिकवतो."

स्वतः मात्र कायम निळा नाहीतर पिवळा शर्ट. "हे दोन आपल्याला पक्के दिसतात."

ऑफिसात हे सगळं हसून सांगतात, तिसरीतल्या मुलीला, ईश्वरीला मात्र सांगितलेलं नाही. पोरीला चित्रांचं वेड. "बापाला पानं हिरवी दिसत नाहीत, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?" म्हणून तिचं प्रत्येक चित्र ऑफिसात आणायचं, प्रोग्रामकडून रंग वाचून घ्यायचे आणि घरी जाऊन म्हणायचं, "वा, काय हिरवंगार!" हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

परवा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बोलावलं. समोर ईश्वरीनं काढलेलं तिच्या मामाच्या द्राक्षबागेचं चित्र.

"प्रोग्राम बिघडला सर. पानं निळी सांगतोय. माती पिवळी, मामा निळा. मलाही तसंच दिसतंय, पण माझ्या डोळ्यांवर कुठं जायचं!"

मी पाहिलं. प्रोग्राम बरोबर होता. पोरीनं अख्ख्या बागेत दोनच रंग वापरले होते.

"बिघडला नाही," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, मग स्वतःच्या निळ्या शर्टाकडे. मान खाली गेली.

"तिले माहीत शे," ते त्यांच्या नामपूरच्या अहिराणीत पुटपुटले. "मी इतला दिन खोटं बोलनू, नि तिले समदं माहीत शे."

माझं ते हसणं आठवून मलाच तोंड लपवावंसं वाटलं.

खैरनारांनी लॅपटॉप मिटला. चित्र दोन्ही हातांत धरून नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले.

"सर," ते म्हणाले, "सगळी पानं दिसतात हो मला."