गोगट्यांची हजेरी

आमच्या मानपाड्याच्या ऑफिसात गोगटे संगणकाची हजेरी घ्यायचे. खरोखरची. चपला काढून मशीनपुढे ताठ उभे राहायचे आणि पडद्यावर ओळ उमटली की मोठ्याने वाचायचे, "बेरीज, हजर. शिल्लक, हजर. तारीख... गैरहजर!"

आम्ही कारखान्यांच्या गोदामांसाठी प्रोग्राम लिहायचो. प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याला वेगळं उभं करून प्रश्न विचारायचे, ही गोगट्यांची पद्धत. त्यासाठी ते आणखी छोटे प्रोग्राम लिहीत; उत्तर चुकलं की तो तुकडा गैरहजर. बरं, एकदा करून थांबावं? छे. ऑफिसात तीन वेगळ्या प्रणालींची तीन मशीनं होती: डॉसचं, विंडोजचं, युनिक्सचं. तिन्हींवर हा संसार नव्याने मांडायचा. तोवर आमची कामं खोळंबलेली. कोणी म्हणालं, "अहो, माझ्या मशीनवर चालतंय की," तर उत्तर ठरलेलं. "आपल्या घरी सगळेच शहाणे हो!"

"मास्तरची शाला भरली बग," शेजारच्या टेबलावरचा म्हात्रे म्हणायचा. मीही हसायचो. मुरबाडहून आलेला, घरातला पहिला पदवीधर मी. निदान हसण्यात तरी मागे राहायचं नव्हतं.

सगळ्यात हास्यास्पद होती त्यांची चुकांची वही. गैरहजर तुकडा कोणता, चूक काय, चूक कोणाची, असे रकाने आखलेले. साहेब ती चाळून म्हणायचे, "गोगटे, सर्वांत जास्त चुका पुन्हा तुमच्याच!" जगाची परीक्षा घेणारा हा माणूस स्वतःच नापास. दहा वर्षं एकाच खुर्चीत बसून होता, आणि मला ते योग्यच वाटायचं.

माझे उमेदवारीचे सहा महिने संपत आले होते. कायम व्हायचं की मुरबाडला परतायचं, हे माझ्या पहिल्या प्रोग्रामवर ठरणार होतं. डॉसवर तो झकास चालला. विंडोजवरही. युनिक्सपुढे गोगट्यांनी पुकारा केला, "साठा... गैरहजर!"

"मशीनच बिघडलंय," मी चिडून म्हणालो.

"फाइलचं नाव एकदा मोठ्या अक्षरांत लिहिलंत, एकदा छोट्या. डॉस चालवून घेतो, हा नाही घेत. आपल्या घरी..."

"कळलं हो!"

दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. वहीतली नोंद मात्र पुसली जाणार नव्हती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही मागवली, आणि नेमकी मलाच न्यायला सांगितली. जिन्यात मी ती उघडली.

'साठा. फाइलच्या नावात अक्षरांचा घोळ. चूक कोणाची: गोगटे.'

मी मागचं पान उलटलं. तारखेचा गोंधळ म्हात्रेने घातला होता, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. पुढे लिहिलं होतं, गोगटे. त्यामागे नोकरी सोडून गेलेल्या कितीतरी जणांनी लिहिलेल्या प्रोग्राममधले घोळ. गोगटे. गोगटे. सगळीकडे तेच वळणदार अक्षर.

साहेबांनी वही चाळली आणि ते हसले. "बघ, पुन्हा गोगटेच! तुझं काम स्वच्छ आहे. तू कायम. फक्त त्यांच्यासारखा होऊ नकोस."

बोलायची पाळी माझी होती. मी गैरहजर राहिलो.