चालक बदलणे आवश्यक

बाळाशेठ लिफ्टमध्ये शिरतानाही हॉर्न वाजवतात. लिफ्टला हॉर्न नसतो, म्हणून तोंडानं वाजवतात. "पीं पीं!" लग्नातली जेवणाची रांग असो, देवळातली असो, पुढे कोणी रेंगाळला की मागून पीं पीं ऐकू येतं आणि माणूस आपोआप डावीकडे सरतो. एकदा मयताला खांदा देतानाही त्यांनी पुढच्यांना हॉर्न दिलेला. मी होतो तिथे. मयत त्या दिवशी जरा भरभर पोचलं.

शेठ आमच्या कोपरीतले मूळचे. आजा-पणजानं मिठागरात उन्हातान्हात मीठ ओढलं, नातवाच्या वाट्याला टॉवर आले. आता शेठ काहीच करत नाहीत, आणि ते फार मन लावून करतात. गळ्यात बोटाएवढी जाड चेन, पायात सपाता आणि गेटबाहेर गाडी. गेटबाहेर म्हणजे फुटपाथवर. त्या फुटपाथमुळेच आमची ओळख झाली. "फुटपाथ कोणाच्या बापाचा?" असं विचारणारं पत्रक मी त्यांच्या वायपरखाली खोचत होतो. शेठनी खिडकीतून डोकं काढलं.

"माझ्या बापाचा. हितं आमचं खळं होतं."

तेव्हापासून मला नाव उरलेलं नाही. मी "ओ पत्रक".

गाडी चालवण्याबद्दल शेठची स्वतःची तत्त्वं आहेत. रस्त्यात फट दिसली की शिरायचं, विचार नंतर करायचा. इंडिकेटर द्यायचा नाही, कारण तो दिला की लोकांना आपला बेत कळतो. आणि पाचवा गिअर कंपनी शोभेला देते, शोकेसमधल्या कपबशीसारखा. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये ज्याचा जन्म गेला, त्याला तिसऱ्या गिअरच्या पुढे जायची वेळच आलेली नाही.

अशा माणसानं मोटारींच्या शर्यतीत भाग घेतला.

खडवलीच्या पुढे कोणीतरी भातशेती सपाट करून बंगल्यांचे प्लॉट पाडलेत. प्लॉट खपेनात, म्हणून तिथे हौशी लोकांची शर्यत भरली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडी गोल गोल फिरवायची, ज्याच्या फेऱ्या जास्त तो पहिला. भाताची जमीन मारून, तिच्यावर पेट्रोल जाळून, जिथून निघालो तिथेच परत यायचं, आणि याला खेळ म्हणायचं! मी शेठना तसं तोंडावर सांगितलं.

"दिवसभर गाडीत बसून कुठंच पोचायचं नाय," शेठ खूश होऊन म्हणाले. "अरे, ते तर मी रोज करतो घोडबंदरला. जिंकलोच समज!"

एक नियम मात्र आडवा आला. दुपारी चालक बदलणे आवश्यक, नाही तर गाडी बाद. शेठनी दुसरा चालक म्हणून नाव दिलं धाकट्या भावाचं, हरेशचं. आख्ख्या आळीनं कान टवकारले.

कारण दोघा भावांत बोलणं नव्हतं. टॉवर उठला तेव्हा बिल्डर म्हणाला, कमानीवर एकच नाव मावेल. कोणाचं, यावरून असं जुंपलं की राहत्या घराच्या अंगणात मधोमध भिंत आली. बापाचं नाव टाकावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

"हरेशकाकांना विचारलंत का?" मी म्हटलं.

"मी कशाला विचारू? फ्लेक्स लावलाय ना."

आमच्याकडे तोंडानं बोलायची पद्धत उरलेली नाही. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, रुसवा, सगळं फ्लेक्सवर चालतं. शेठनी बरोबर हरेशच्या गेटसमोर फ्लेक्स ठोकलेला: कोपरीचे दोन वाघ शर्यतीत, हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक तेच दोन वाघ. पण हरेश उंचीनं शेठच्या खांद्यालाच लागतो, तरी दोघांचे फोटो एकाच मापाचे होते. फ्लेक्सवर फोटोच्या मापात माणसाचं वजन कळतं, आणि शेठनी आयुष्यात कोणाचाही फोटो स्वतःएवढा छापलेला नव्हता. भिंतीपलीकडून तरीही हूं की चूं नाही.

"येईल. वाचता येतं त्याला," शेठ म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ओ पत्रक, तू नायतरी रस्त्यात उभा राहून वरडतोस. तिथं माझ्यासाठी वरड."

शर्यतीविरुद्धच्या पत्रकाला मसाला मिळेल म्हणून मी गेलो.

गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर नारळ फोडला, शेठच्या हेल्मेटला त्यांच्या बायकोनं, वनितावहिनींनी, कुंकू लावलं. झेंडा पडला. बाकीच्या गाड्या सुटल्या. शेठनी आधी दोन्हीकडे रिक्षा बघितली, मग गाडी काढली.

मोकळा रस्ता बघून माणूस पार गांगरला. पहिल्या वळणावर हॉर्न, दुसऱ्यावर हॉर्न. माझ्यासमोरून जाताना खिडकीतून ओरडले, "समोर कोणच नाय रे! शिरू कुठं?"

पण पुढच्या गाड्या फेरी संपवून मागून आल्या आणि शेठना आपला प्रदेश सापडला. डावीकडून कोणी आला की शेठ डावीकडे. उजवीकडून आला की उजवीकडे. मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले, कोणीतरी कोणाची तरी आई काढली. बघता बघता खडवलीच्या माळावर शेठनी हुबेहूब ठाणं उभं केलं. भोंग्यावरून आयोजक विनवत होता, "चार नंबर, बाजू द्या! काका, प्लीज!" शेठ खिडकीतून हात काढून "थांब जरा" अशी खूण करत होते. जोरात पळायला सजवलेल्या गाड्या रांगून रांगून तापल्या आणि वाफा सोडत एकेक करून कडेला लागल्या. शेठच्या गाडीला मात्र या चालीची सवय होती. दुपारी फळ्यावर नाव लागलं: चार नंबर, तिसरा.

मी घसा फुटेस्तोवर ओरडत होतो. पत्रकात हे येणार नाही.

चालक बदलायची वेळ झाली. मी झेंडा दाखवला, शेठ गाडी कडेला घेऊन उतरले. खांद्यावरच्या रुमालानं सीट पुसली. मग खालचा दांडा ओढून सीट पुढे सरकवली, पार स्टिअरिंगला टेकेल इतकी. आरसा खाली वळवला. आणि फाटकाकडे तोंड करून उभे राहिले.

फाटकातून कोणी येत नव्हतं.

"काका, दुसरा चालक?" आयोजकानं विचारलं.

"येतोय."

ज्याची गाडी तापून बंद पडलेली, असा डोंबिवलीचा एक उंच तरुण हेल्मेट घेऊन पुढे आला. "काका, मी बसतो ना. तिसरे आहात, फुकट नका घालवू." आयोजक म्हणाला, नाव बदलून देतो. मीही म्हटलं, "शेठ, बसू द्या त्याला."

शेठनी त्या तरुणाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नको. तुझे पाय लांब हायत. सीट मागं घ्यावी लागंल."

मी चिडून वहिनींकडे वळलो. त्या हळूच म्हणाल्या, "लहानपणी बाप जेवाला घरात गेला की दोघं मिठाचा टेम्पो काढायचे. ह्यांचा हात स्टिअरिंगला पुरायचा, पण पाय खाली पोचायचे नायत. मग हरेशभावजी खाली बसून हातानं पेडल दाबायचे. वरनं हे सांगतील तसं. भावजींना खालनं कायबी दिसायचं नाय."

भोंगा वाजला. चार नंबर बाद.

उरलेल्या गाड्या धूळ उडवत समोरून जात राहिल्या. शेठनी गाडीला वळसा घातला, डावीकडचं दार उघडलं आणि चालकाशेजारच्या सीटवर जाऊन बसले. मी खिडकीशी गेलो.

"शेठ, चला आता. आपण बाद झालो."

"बाद मी झालो," ते समोर बघत म्हणाले. "त्याची पाळी अजून बाकी हाय."

आणि त्यांनी पट्टा लावून घेतला.