मुंजाभाऊंचा गुरुवारचा नंदी

नंदीच्या कानात इच्छा सांगायची ती कुजबुजत, दुसऱ्या कोणाला कळू नये अशी. हा नियम मुंजाभाऊ काटेकोरपणे पाळतात. नंदीचा एक कान तळहातानं गच्च दाबतात, म्हणजे बोललेलं पलीकडून सांडायला नको. दुसऱ्या कानाशी तोंड नेतात, तोंडापुढे टोपीचा आडोसा धरतात. आणि मग ते जे बोलतात ते गाभाऱ्यात, मंडपात, बाहेर चपला काढणाऱ्यांना आणि वारा बरा असला तर खाली नारळ विकणाऱ्या बाईलासुद्धा ऐकू जातं.

मुंजाभाऊंची सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, प्रेस शॉपला झाली. गाड्यांच्या दरवाजांचे पत्रे दाबायचे. शिफ्टभर धाडधाड. आधी ते कानात कापूस घालत, पुढे कापसाची गरज उरली नाही. आपण हळू बोलतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. उलट, त्यांना ऐकू जावं म्हणून आपण आवाज चढवला की ते आपल्यालाच विचारतात, "ओरडायलाव कशाला?" कानाचं यंत्र घ्या म्हणून मी पुष्कळ मागे लागले. "मशिनीनं कान नेले, ताई. आता परत मशीनच कानात घालू व्हय?"

पुनावळ्याच्या आमच्या सोसायटीत ते माझे शेजारी. मूळचे परभणीकडचे. मी कंपन्यांना युनिफॉर्म शिवून देते आणि दुसरं कोणी तयार होत नाही म्हणून सोसायटीची सेक्रेटरी आहे. आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, त्यामुळे महादेवालाही आम्ही गुरुवारीच गाठतो. माझी गाडी, पुढे माझ्याशेजारी मुंजाभाऊंची बायको कमलवहिनी, मागे मुंजाभाऊ.

देऊळ चाकणच्या पुढे डोंगरात आहे. खांब, छत, पिंड, नंदी, सगळं एकाच कातळात कोरलेलं. कोणी कोरलं ते सांगणारी पाटी होती, तिच्यावर आता कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. खांबांना ऑइलपेंट फासलाय, नंदीच्या पाठीवर तर गुलाबी. पायथ्याचा डोंगर पोखरून गोदामं उठली आहेत. शेकडो वर्षं टिकलेली वास्तू आपल्या डोळ्यांदेखत संपणार, हे मी मान्य केलं आहे. आत गारवा मात्र अजून तसाच आहे आणि आवाज घुमतो. कोरणाऱ्यांनी मुंजाभाऊंचा विचार केला नव्हता.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्यांच्या मागेच उभी होते. "नंद्या, मी काय म्हणायलो," त्यांनी सुरुवात केली. त्यांची प्रत्येक गोष्ट इथूनच सुरू होते. "आमच्या जिन्यातला दिवा गेलाय. सेक्रेटरीबाई बघंनात. बाई मनानं चांगली हाय, पर कामाला ढिली."

अख्खा मंडप माझ्याकडे बघू लागला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वायरमन बोलावला. पुढच्या गुरुवारी नंदीला निरोप मिळाला की बाईला बुद्धी दिलीस, बरं केलंस. त्याच बैठकीत देवळातला गुरव प्रसादाला काळी पडलेली केळी देतो ही तक्रारही झाली. गुरव समईत तेल घालत होता, त्यानं मान वर केली नाही. पण त्यानंतर आम्हाला कायम पिवळीधमक केळी मिळाली. मग वॉचमनची वाटेत लावलेली सायकल हलली, टाकीचं गळतं बंद झालं. मुंजाभाऊंचा विश्वास बसत गेला. ते मला सांगायचे, कंपनीत मेंटेनन्सला कळवलं की महिना जायचा, हा गडी आठवड्यात काम करतो. एकच काम नंदीकडून होत नव्हतं. भाजीत मीठ वाढव असं त्यानं वहिनींना सांगायचं होतं. वहिनी मागे उभ्या राहून हे दर गुरुवारी ऐकत आणि ब्लडप्रेशरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच मीठ घालत.

या माणसाला एकदा खरं सांगून टाकावं असं मी ठरवलं. नंदीची कामं मी किती दिवस करायची? पण वहिनींनी मला अडवलं. त्या अगदी हळू आवाजाच्या. घरात नवऱ्याशी सगळा संसार हातवाऱ्यांवर चालायचा. "नका सांगू, ताई," त्या म्हणाल्या. "घरात हे तोंड उघडत नाहीत. ह्यांच्या मनात काय आहे ते मला इथं आल्यावरच कळतं."

गेल्या वर्षी वहिनींचं पोट दुखायला लागलं. दवाखान्यात मी सोबत होते. डॉक्टरांनी जे सांगितलं त्यात करण्यासारखं काही नव्हतं. दोन ठिकाणी आणखी विचारलं, तिथेही तेच. परतताना गाडीत मी म्हटलं, आता मुंजाभाऊंना सांगायला हवं. वहिनी खिडकीबाहेर कंटेनरच्या रांगेकडे बघत होत्या.

"ह्यांना सांगायचं म्हणजे ओरडावं लागणार," त्या म्हणाल्या. "हे काय ओरडून सांगायचं आहे का?"

मग मुंजाभाऊंना पित्ताचं कारण सांगायचं ठरलं. पोटावर हात आणि गोळी गिळल्याची खूण, एवढ्यावर ते भागलं. मुंजाभाऊंनी मान हलवली आणि पेपर वाचत बसले. मला त्यांचा रागच आला.

त्या गुरुवारी वहिनींना पायऱ्या चढताना दोनदा बसावं लागलं. आत गेल्यावर मुंजाभाऊंनी नंदीचा कान नेहमीपेक्षा जास्त जोरानं दाबला.

"मी काय म्हणायलो, हिच्या पोटात वाईट आजार हाय. मला कळू देईनात. पित्त म्हणायल्यात. माझे कान गेलेत, डोळे न्हाई गेले. मी तिला काही इचारीत न्हाई. इचारलं तर तिला सांगावं लागंल. आजवर तू माझी सगळी कामं केलीस. मिठाचं राहू दे. हे एक कर."

वहिनी माझ्या शेजारीच होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मुंजाभाऊ वळले तेव्हा पदर खाली होता, आणि वहिनींनी खूण करून विचारलं, झालं का मागून? मुंजाभाऊ म्हणाले, झालं. नंदीची बाकी सगळी कामं मी आणि गुरवानं मिळून केली होती. गुरवानं माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं.

दिवाळीच्या आधी वहिनी गेल्या.

महिनाभर मी डोंगराकडे फिरकले नाही. मग एका गुरुवारी सोसायटीचा जिना उतरून खाली आले तर मुंजाभाऊ टोपी घालून गाडीशी उभे. पुढची सीट मोकळी होती, तरी ते मागेच बसले. चाकणच्या चौकात ट्रॅफिक तुंबलं, कांद्याचे ट्रक, कंपन्यांच्या बसेस. आज नंदीची काही खैर नाही, असं मला वाटत होतं, आणि त्यांना कसं आवरायचं याची मी मनात तयारी करत होते.

त्यांनी नेहमीसारखा कान दाबला. टोपीचा आडोसा धरला.

"मी काय म्हणायलो, तू मनाला लावून घेऊ नको. तू तुझ्या परीनं केलं असशील. मोठ्या डॉक्टरलाबी जमलं न्हाई." मग टोपीचा आडोसा नीट केला. "आता माझं काही काम न्हाई तुझ्याकडं. नुसताच येत जाईन."

मला वाटलं, झालं. पण ते हलले नाहीत. त्यांनी टोपी काखेत घातली, खाली वाकले, आणि आपला कान नंदीच्या तोंडाला लावला.

मागे रांग वाढत होती. मी हात आडवा धरला आणि सगळ्यांना थांबवलं.